डाव्या कोपऱ्यातला जंगू

हिंगणघाटच्या गिरणीत माणसं लागायची ती हाताच्या कसबावर. जंगू उईके लागला तो छातीतल्या दमावर.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात आष्टीच्या बाजाराच्या पटांगणात कबड्डीचे सामने भरले होते. जंगलाच्या कडेला असलेल्या एका गोंड वस्तीचा संघ त्यात पहिल्यांदाच उतरला होता. कुणाच्या अंगात बनियन, कुणी उघडाच. त्यांच्यातला एक लांब पायांचा, सडपातळ गडी चढाईला जायचा आणि परत यायची काही निकडच नसल्यासारखा पलीकडे हिंडत राहायचा. तोंडातून 'कबड्डी कबड्डी'चा संथ, एकसुरी आवाज चालू. टपून बसलेले समोरचे गडी वाट बघून कंटाळायचे, कुणीतरी नकळत पाय सैल सोडायचा, आणि तेवढ्यात हा त्याच्या खांद्याला बोट लावून आपल्या अंगणात आलेला असायचा.

गर्दीत वासुदेवराव देशकर होते. ते गिरणीच्या कामगार कचेरीत कारकून होते आणि गिरणीच्या कबड्डी संघाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. त्या काळी गिरण्यांमध्ये सुताइतकीच संघांचीही चढाओढ चाले. चांगला खेळाडू दिसला की त्याला कामावर घेऊन टाकायचं, ही रीत होती. सामना संपल्यावर वासुदेवरावांनी जंगूला चहा पाजला आणि गिरणीत येतोस का म्हणून विचारलं. जंगू तेव्हा जंगल ठेकेदाराकडे सागाचे ओंडके ओढायच्या कामावर होता. ते काम उन्हाळ्यापर्यंत चालायचं, पुढचे महिने मिळेल ते. त्याने विचारलं, बायकोला आणता येईल का. येईल म्हणाले. एवढ्यावर तो तयार झाला.

गिरणीने त्याला 'बदली' म्हणून घेतलं. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी उभं राहायचं ते बदली कामगार. पण जंगू खेळाडू असल्यामुळे त्याला काम रोज मिळे आणि गिरणीमागच्या वस्तीत एक खोलीही मिळाली. जंगू, गंगा आणि कडेवरची रुखमा त्या खोलीत राहायला आली. घरात तिघं गोंडी बोलत. शेजारणी पहिल्या दिवसांत दारात उभ्या राहून ते ऐकत. मग गंगाच त्यांच्याकडून वऱ्हाडी शिकली आणि नळावर पाण्यासाठी भांडण्याइतकी तयार झाली.

पहिल्याच सामन्यात जंगूने सगळ्यांना घाम फोडला. त्याच्या वस्तीवर एकदा बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बादच असे. इथे मात्र आपल्या माणसाने समोरचा गडी मारला की बाद झालेला पुन्हा उठून आत येतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बाद झाला, सदरा चढवला आणि शांतपणे वणा नदीवर पाय धुवायला गेला. इकडे त्याला उठवायची वेळ आली, सगळे त्याच्या नावाने हाका मारताहेत आणि गडी गायब. शेवटी संघनायक माणिक पराते स्वतः धावत जाऊन त्याला नदीवरून घेऊन आला.

"काऊन बे, मेला तं सरळ घाटावरच निंगाला काय तू?" माणिकने वाटेत विचारलं. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली.

माणिक मागखात्यात विणकर होता. वयाने जंगूपेक्षा सात-आठ वर्षं मोठा, अंगाने बुटका आणि रुंद. डावा कोपरा त्याचा होता. चढाई करणारा बहुधा डाव्या बाजूने शिरतो, म्हणून त्या कोपऱ्यात संघाचा सगळ्यात भरवशाचा पकड करणारा उभा करतात. माणिक तिथे नऊ वर्षं उभा होता. त्याने पकडायचं, जंगूने मारून यायचं, असे दोन हंगाम गेले. अमरावती, नागपूर, यवतमाळ असे सामने झाले. गिरणीच्या फाटकावर जंगूचं नाव खडूने लिहिलं जाऊ लागलं. कचेरीसमोरून जाताना वासुदेवराव स्वतःहून त्याला हाक मारत.

तिसऱ्या वर्षी दम कमी पडू लागला.

आधी जंगूला वाटलं, थंडीची सर्दी आहे. मग चढाईत नेहमीच्या जागेपर्यंत पोहोचायच्या आतच छातीत दोरी आवळल्यासारखं होऊ लागलं. तो हुशार गडी. त्याने खेळच बदलून टाकला. आत जायचं, एक झडप घालायची, लागलं तर लागलं, की लगेच माघारी. बघणाऱ्यांना वाटे, जंगू आता जलद खेळतो. त्याला मात्र माहीत होतं की तो पळून येतोय. घरी तो खोकायचा तेव्हा गंगा त्याच्या पाठीवर हात फिरवायची. गावच्या देवाला दोन वर्षांत गेलो नाही म्हणून असं झालं असेल, असं तिला वाटे. जंगूलाही कधीकधी तसंच वाटे.

त्याला भीती होती ती एकाच गोष्टीची. तो बदली होता आणि बदली होता तो खेळापुरता. संघातून गेला की रोजचं काम जाणार, काम गेलं की खोली जाणार. रुखमा यंदा नगरपालिकेच्या शाळेत पहिलीत बसली होती. पाटीवर ती स्वतःचं नाव काढायची आणि मग बापाचं नाव काढून दाखवायची. ती शाळा सोडून पुन्हा ठेकेदाराच्या कूपात, जंगलतोडीच्या जागी, झोपडीत जायचं, हे चित्र जंगूच्या डोळ्यांपुढून हलत नसे.

माणिकने त्याला काही विचारलं नाही. एका रविवारी दुपारी तो जंगूला पोहायला म्हणून वणेवर घेऊन गेला. डोहाच्या कडेला येऊन म्हणाला, चल, बुडी मारू, बघू कोण जास्त राहतो. आष्टीला ज्याने अख्खं पटांगण आपल्या दमावर खेळवलं होतं तो जंगू आधी वर आला. खोकत, डोळे लाल. माणिक कितीतरी वेळाने निवांत वर आला आणि काठावरच्या दगडावर बसला.

"कवापासून?" त्याने विचारलं.

जंगूने सांगितलं. सांगताना त्याने माणिकचा हात धरला आणि वासुदेवरावांना कळू देऊ नको म्हणाला. माणिकने त्याला उलट भलतंच विचारलं. तू काम कोणत्या खात्यात करतोस? जंगू पिंजणखात्यात होता. तिथे कापसाच्या गाठी फोडून यंत्रात घालतात. यंत्र कापूस झोडपतं, माती-कचरा खाली पडतो आणि बारीक तूस हवेत उडतं. त्या खात्यात उन्हाची तिरीप आली तर ती पांढरी, जाड, हाताने धरता येईलशी दिसते. संध्याकाळी जंगूच्या भुवया म्हाताऱ्यासारख्या पिकलेल्या असत.

"तुया दम कुठीसा गेला नाई," माणिक म्हणाला. "त्याच्यात कापूस भरला. देवाले काऊन दोष देतं?"

हे ऐकून जंगूला रडू आलं. दम गेला होता तो गेलाच होता, पण आपलं काही चुकलं नाही एवढं कळल्यानेच त्याची छाती अर्धी मोकळी झाली.

दुसऱ्या दिवसापासून सरावात माणिक त्याला मध्यरेषेवरून काढून कोपऱ्यात आपल्या शेजारी उभं करू लागला. चढाईला लागतो लांब दम. पकडीला लागतो क्षणभराचा जोर आणि नजर. माणिक त्याला घोट्याची पकड शिकवू लागला. चढाई करणारा पाय पुढे टाकतो, पाय जमिनीला टेकतो, मग अंगाचं वजन हळूहळू त्या पायावर येतं. वजन यायच्या आधी धरलं तर तो पाय झटकून काढून घेतो. वजन येऊन गेल्यावर धरलं तर तो तोवर उडी मारून गेलेला असतो. पूर्ण वजन आलं आणि अजून उचललेलं नाही, तेवढ्याच फटीत हात घालायचा.

बाकीच्यांना ही फट सापडायला वर्षं लागत. जंगूला ती आठवड्यात सापडली. उतारावर सागाचा ओंडका अडकला की तो पहारीने हलवावा लागतो. ओंडका घसरण्याआधी नुसता शहारतो. तो शहारा ज्याला दिसत नाही त्याचा पाय जातो. जंगूने लहानपणापासून तो शहारा बघितला होता. आता त्याला तो माणसांच्या पोटऱ्यांत दिसू लागला. सरावात त्याने लागोपाठ धरलेले गडी उठून धूळ झटकायचे आणि माणिककडे बघून हसायचे. माणिकच्या मात्र तोंडावर काही दिसायचं नाही.

वासुदेवरावांनी चार-दोन वेळा हे बघितलं आणि त्यांना काय समजायचं ते समजलं. त्यांनी माणिकला बोलावून सांगितलं की जंगूला मी चढाईसाठी आणला, पकडायला माझ्याकडे माणसं आहेत. पुलगावकडचा एक नवा तरुण त्यांच्या डोळ्यांत भरला होता. बदलीची जागा एकच होती. माणिक म्हणाला, माझा पाय दुखतो, या खेपेला गिरण्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मी उभा राहू शकत नाही. माझ्या कोपऱ्यात जंगूला घ्या. वासुदेवराव बराच वेळ त्याच्या पायाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, एक सामना देतो. कोपरा सांभाळला तर याचं नाव मी स्वतः कायम करायला पाठवतो. नाही सांभाळला तर पुलगाववाला येईल आणि मग मला कुणी काही म्हणायचं नाही.

जंगूने दुखऱ्या पायाची गोष्ट खरी मानली. दुखण्यावर लावायला म्हणून गंगाने मोहाचं तेल दिलं, ते घेऊन तो माणिकच्या घरी गेला. माणिक घरात नव्हता. त्याची बायको कांता अंगणात सुताची लडी गुंडाळत होती. तेलाची बाटली हातात घेऊन तिने ती हुंगली.

"तुमच्या भाऊचा पाय मले तं ठणठणीत दिसून राह्यला," ती म्हणाली. "आज सकाळी बकरीमांगं नदीपावतर पयत गेलते. पण आनलं तं राहू द्या, तेल काई वाया जात नाई."

जंगू तिथेच उभा राहिला. नऊ वर्षांचा कोपरा, अंतिम सामना, आपल्याच गावचं मैदान. हे सगळं एका माणसाने आपल्याला देऊन टाकलं होतं आणि वर पाय दुखतो म्हणून सांगितलं होतं. कांताने त्याला गुळाचा चहा दिला. तो त्याने खाली मान घालून प्यायला आणि घरी आला.

अंतिम सामना गिरणीच्या मैदानावर होता, नागपूरच्या एका गिरणीच्या संघाशी. सामना दुपारी सुरू व्हायचा होता, पण बक्षीस द्यायला यायचे ते पाहुणे उशिरा आले आणि भाषण करूनच बसले. त्यामुळे खेळ संध्याकाळपर्यंत लांबला. पंच होते आंजीच्या शाळेतले हरिभाऊ मास्तर. कबड्डीचे नियम त्यांना तोंडपाठ होते आणि दोन्ही गिरण्यांशी त्यांचं काही घेणंदेणं नव्हतं, म्हणून त्यांना बोलावलं होतं. पहिल्या पाळीचे लोक मैदानाभोवती बसले होते, रात्रपाळीचे कामावर जायच्या कपड्यांत उभे होते. माणिक बाहेर, बरोबर डाव्या कोपऱ्यामागे, पायाला फडकं बांधून बसला होता. फडकं कोणत्या पायाला बांधायचं ते तो मधेच एकदा विसरला, असं नंतर लोक सांगत.

जंगूने पहिल्या डावात तिघांना धरलं. पण नागपूरकडे अच्युत होता. सहा फुटांचा, कातणखात्यात दहा वर्षं काढलेला आणि तरीही दमदार. त्याने दोनदा जंगूच्या हातातून पाय काढून नेला. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली तेव्हा गुण बरोबरीत होते आणि अच्युत पुन्हा चढाईला आला.

तो सरळ डाव्या कोपऱ्यावर आला. मागून माणिक हळूच म्हणाला, "थांब. येऊ दे."

अच्युतचा पाय टेकला. पोटरीत तो शहारा आला. जंगूने दोन्ही हातांनी घोटा धरला आणि अच्युत छातीवर आदळला. पण पडला तो मध्यरेषेच्या दिशेने. लांब अंगाचा माणूस, कोपरांवर सरपटत तो जंगूला ओढू लागला. तोंडातलं 'कबड्डी' तुटत नव्हतं. जंगूचे बाकीचे गडी दुसऱ्या टोकाला पांगलेले. रेषा हातभर राहिली, मग वीतभर. जंगूच्या छातीत दोरी आवळली होती, डोळ्यांपुढे पांढरं तूस उडत होतं, बोटं एकेक करून सैल पडत होती.

आणि भोंगा झाला.

गिरणीत भोंग्याला काय किंमत असते ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पाळी बदलताना खात्याचा मुख्य दांडा थांबतो, पट्टे सैल होतात, यंत्रं पुसली जातात. त्या वेळी कुणाचा हात यंत्रात राहिला आणि पट्टा पुन्हा चालू झाला तर बोटं जातात. म्हणून नव्या माणसाला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवतो. भोंगा झाला की हात वर. चार-सहा महिन्यांत ते अंगात इतकं मुरतं की माणूस झोपेतही हात उचलतो.

जंगूचे दोन्ही हात सुटले आणि वर गेले.

त्याच क्षणी अच्युतचं तोंड बंद झालं आणि त्याचेही हात वर गेले. रेषेपासून चार बोटांवर दोघं पालथे पडून होते, शरण आल्यासारखे. बाजूला उभ्या असलेल्या रात्रपाळीच्या लोकांतले निम्मे फाटकाकडे चालू लागले होते आणि पाच-दहा पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अंतिम सामना चालू आहे. वासुदेवरावांनी खिशातून घड्याळ काढलं होतं. पूर्ण मैदानात एकटे हरिभाऊ मास्तर जिथल्या तिथे होते, कारण शाळेत भोंगा नसतो, घंटा असते.

मग हशा पिकला. तो ओसरायला वेळ लागला. जंगूला मात्र हसू येत नव्हतं. आपण पकड सोडली, एवढंच त्याला कळत होतं. त्याने मान फिरवून माणिककडे बघितलं. माणिक उभा राहिला होता, दोन्ही पायांवर.

हरिभाऊ मास्तर जवळ येऊन उकिडवे बसले. म्हणाले, भोंग्यात मला याचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून दम आधी तुटला की पकड आधी सुटली, हे मी सांगू शकत नाही. तुम्हीच सांगा.

"म्या सोडला," जंगू म्हणाला. "हात सुटले माये."

अच्युतने तोंडातली माती थुंकली आणि उठून बसला.

"मास्तर, आधी माया दम तुटला," तो म्हणाला. "भोंगा झाल्यावर कोन कबड्डी म्हन्ते? यानं सोडलं, पन मांगून सोडलं."

नागपूरचे गडी त्याच्यावर ओरडले. त्याने हात झटकले आणि बाद झालेल्यांच्या जागी जाऊन बसला. हरिभाऊ मास्तरांनी बोट वर केलं. हिंगणघाटला एक गुण मिळाला आणि उरलेल्या वेळात दोन्हीकडून काहीच घडलं नाही. तेवढ्या एका गुणाने हिंगणघाटने सामना जिंकला.

बक्षीस घेताना जंगू रांगेत शेवटी उभा होता. त्याला वाटत होतं, वासुदेवराव म्हणतील, हा काही कोपरा सांभाळला नाही, हा भोंग्याने सांभाळला. वासुदेवराव त्याच्यासमोर आले. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले.

"भोंग्यावर ज्याचे हात आपोआप सुटतात," ते म्हणाले, "त्याला बदली म्हणून कुठवर ठेवायचं? हा तर आमच्यापेक्षा कायम झाला आहे." आणि मग, माणिक बाजूलाच होता म्हणून, आवाज थोडा चढवून त्यांनी विचारलं, "काय पराते, पाय बरा झाला वाटतं?"

माणिक म्हणाला, आताच झाला साहेब, भोंग्यासरशी. ते असे चांगल्या मूडमध्ये आहेत तोवर बोलून घ्यावं म्हणून लगेच पुढे म्हणाला की जंगूला पिंजणखात्यातून काढा, तो कोपऱ्यातही फार दिवस टिकायचा नाही. वासुदेवराव 'बघू' म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. पण कायम झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात जंगूची बदली मागच्या आवारात झाली. तिथे आंजीकडून, समुद्रपूरकडून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, येत आणि त्या उतरवून घ्यायच्या असत. वर मोकळं आभाळ. पूर्ण दम काही परत आला नाही, पण रात्रीचा खोकला गेला. गंगाने दिवाळीत वस्तीवर जाऊन देवाला कोंबडं दिलं ते दिलंच. कारण काहीही असो, देणं योग्यच, असं ती म्हणे आणि जंगूने त्यावर वाद घातला नाही.

माणिक पुढच्या हंगामात उजव्या कोपऱ्यात खेळला. डावा हवा का म्हणून जंगूने विचारलं तेव्हा तो म्हणाला, इकडून ऊन डोळ्यांवर येत नाही. ही दोन कोपऱ्यांची जोडी छप्पन-सत्तावन सालात, जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या धामधुमीतही, वऱ्हाड-नागपुरात गाजत राहिली. आभार मानायचे कसे ते जंगूला शेवटपर्यंत साधलं नाही. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानतही नाहीत. तो रविवारी सकाळी परात्यांच्या दारात जाऊन बसे, कांताने सांगितलेली लाकडं फोडून देई आणि चहा घेऊन परत येई. माणिक आतून म्हणे, आला का, बस.

अच्युत त्याला दोन वर्षांनी नागपूरला भेटला, एका सामन्यानंतर, बर्डीवरच्या चहाच्या दुकानात. जंगूच्या मनात ती गोष्ट राहून गेली होती. त्याने अच्युतला बाजूला घेतलं आणि म्हणाला, आता खरं सांग, त्या दिवशी दम आधी तुटला की माझे हात आधी सुटले?

अच्युतने बशीतला चहा संपवला.

"मले काय मालूम," तो म्हणाला. "भोंगा झाला, मी मनानं घरी पोचलो होतो. पोरगं आजारी होतं माया."

पोरगं आता कसं आहे, जंगूने विचारलं. बरं आहे, अच्युत म्हणाला, शाळेत जातं. मग जंगूने दुकानदाराला अजून दोन चहा सांगितले आणि दोघं बराच वेळ आपापल्या पोरांविषयी बोलत बसले.